नवा हुप्प्या

ता. ११ जानेवारी १९३४, कापडे

आज पुन्हा वानराचे एक पिल्लू मेलेले सापडले. हे दुसरे. माझ्या टोळीतली पिल्ले कोणीतरी मारत आहे, तो कोण हे मला ठाऊक आहे, आणि राग शांत होत नाही, म्हणून ही वही. वानरांच्या नोंदींचे कागद वेगळे आहेत. तिथे मी फक्त पाहिलेले लिहिते. पुण्यात पंचवीस वर्षे मुलींना हेच शिकवत आले: पाहिले ते लिहा, वाटले ते लिहू नका. वाटलेले लिहायला आता ही जागा.

पिल्लू महिन्याचेही नसेल. अंगावरची काळी लव गेलेली नव्हती. मानेवर आणि पोटावर खोल दात. आई ते छातीशी धरून देवळामागच्या वडावर सकाळपासून बसली होती, दुपारी ते हातून सुटले. मी उचलून आणले आणि पहिल्यासारखेच स्पिरिटच्या बरणीत ठेवले.

ठमाबाई माझा स्वयंपाक करते आणि माझ्यावर देखरेखही करते. दारातूनच म्हणाली, "बरनीत लोनचं घालत्यात, बाई. त्याला मातीत जाऊ द्या."

"अभ्यासासाठी आहे ते."

"आता त्यो काय शिकनार हाय?"

तिला बाहेर घालवले.

हे काम महिपतचे आहे. तो आमचे कूळ; इथला खोत असलेला माझा भाऊ वारला आणि ही जमीन माझ्याकडे आली तेव्हापासून माझे. त्याचा पावटा देवळाच्या खालच्या अंगाला आहे. दिवाळीनंतर वानरांनी शेंगा ओरबाडल्या तेव्हा सगळ्यांदेखत ओरडला होता, "एकेकाची मान मोडीन!" त्याच्याकडे दांडगा कुत्रा आहे. दात कुत्र्याचे आहेत.

ता. १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला गाव येऊन गेले. मारुतीचा गुरव हैबती ओटीवर बसून उगाच विचारतो, "सुभेदाराला मुंबईचं पानी मानवलं का, बाई?"

सुभेदार म्हणजे टोळीचा म्हातारा हुप्प्या, तिचा मुख्य नर. हे नाव गावाचेच. दोन वर्षे मी या टोळीमागे फिरते आहे ती त्याच्यामुळे. तो मला ओळखायचा, माझी छत्री पाहून हलायचा नाही. मुंबईचे डॉ. कोठारे वानरांच्या शरीररचनेचा अभ्यास करतात. माझ्या नोंदी वाचून ते डिसेंबरात इथे आले. त्यांना पूर्ण वाढलेला एक नर हवा होता. महिपतकडे रानडुकरांसाठी बंदुकीचा परवाना आहे, त्याला आधी विचारले, तर त्याने कानांना हात लावले. शेवटी डॉक्टरांनी स्वतः नदीवर काम उरकले. वानर पाण्यावर कुठे उतरतात ते मी दाखवले. एक नर. त्याने शास्त्राचे भले होते आणि टोळीचे काही बिघडत नाही. पेटी महिपतच्याच गाडीने पोलादपूरला गेली. पुस्तके आहेत असे त्याला सांगितले. गावाला सांगितले की सुभेदाराला डॉक्टरांनी मुंबईस नेले. यात खोटे काही नाही. जिवंत नेले असे मी कुठे म्हटले?

हैबतीला सांगितले, "मानवेल."

"बरं," म्हणाला आणि तिळगूळ न खाता कनवटीला लावला.

या लोकांच्या स्वच्छतेचेही बघायला हवे. गेल्या महिन्यात निम्म्या पुरुषांनी डोकी भादरली होती. उवा असणार. मी घरोघर कडुलिंबाचे तेल दिले. मुकाट्याने घेतले, पण लावलेले कोणाचे दिसले नाही.

ता. १९ जानेवारी

टोळीच्या आसपास घोटाळणारा नवा हुप्प्या आता टोळीत स्थिरावला आहे. तरणा, छातीने रुंद, डावा कान फाटका. सुभेदाराची जागा रिकामी राहिली नाही हे पाहून बरे वाटले. डॉक्टर म्हणालेच होते, निसर्ग आपले आपण बघून घेतो.

एक गोष्ट मात्र किळसवाणी. जिचे पिल्लू गेल्या आठवड्यात मेले ती मादी आज या नव्या हुप्प्याच्या पुढे पुढे करत होती. पाहिले म्हणून नोंदीत लिहिले. माझ्या शाळेत असती तर नाव काढून घरी पाठवली असती.

नदीकाठच्या कातळावर, डॉक्टर बसले होते तिथून थोडे वर, दगडांची एक रास दिसली. वर गुलाल. हे लोक कुठल्या दगडाचा कधी देव करतील, नेम नाही.

ता. २७ जानेवारी

तिसरे पिल्लू, तिसरी बरणी. तेच दात. आता पुरे झाले. सकाळीच देवळासमोरच्या पारावर गेले. पाटील कुशाबा होता, हैबती होता, महिपत बैल घेऊन चालला होता. त्याला थांबवले.

"महिपत, तुझ्या कुत्र्याने तीन पिल्ले मारली. तू सोडलेस त्याला."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते."

"पावट्याचं बोल्लो त्ये रागात, बाई. रागात मी ह्या ढवळ्याला बी कसायाला दीन म्हनतो. दिला का?"

"ढवळ्याला इचार," मागून कोणीतरी म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. मी वळून पाहिले, हसणे थांबले.

"मारुतीच्या दारात पिल्ले मरतात आणि तुम्ही विनोद करता? ज्याचा कुत्रा त्याला गावाने जाब विचारायला हवा."

महिपतने बैलाची वेसण आवळली. मग म्हणाला, "मी बोलाय लागलो ना, बाई, तर..."

"महिपत!" कुशाबा एवढ्या जोरात ओरडला की बैल दचकला.

"बोलू दे त्याला," मी म्हटले. "तर काय?"

महिपतने नदीकडे पाहिले. "काय नाय."

तोंडाला कुलूप. दुसरा पुरावा कशाला हवा?

ता. ५ फेब्रुवारी

गावकी बसली. निर्णय असा की देवाच्या वानराची हत्या झाली आहे, दोष फिटेपर्यंत महिपतच्या घरी कोणी पाणी प्यायचे नाही आणि शिमग्याला ग्रामदेवीची पालखी त्याच्या अंगणात थांबायची नाही. महिपतने कुत्रा बहिणीच्या गावी पाठवून दिला. आता पाठवून काय उपयोग?

ठमाबाई भाकऱ्या थापता थापता भांडी आपटते आहे. "महिपतच्या शकूचं लगीन कुडपनला ठरलंय, ठावं हाय ना? शिमगा झाला की. मुंबईवाले समदे येनार. ज्या दारात पालखी नाय, त्या दारात वऱ्हाड येतं व्हय गो बाई?"

"हा विचार त्याने कुत्रा सोडताना करायचा होता."

तिने भाकरी करपवली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

ता. ८ फेब्रुवारी

महिपतची लेक शकू आली होती. हिला मी अक्षरे शिकवली. जाण चांगली, हात स्वच्छ. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत ये म्हटले तरी आली नाही.

"बाई, तुमी बघितलंत?"

"काय?"

"आमच्या बाच्या कुत्र्याला. पोर मारताना."

"दातांचे व्रण मी पाहिले आहेत, शकू. ते कुत्र्याचे आहेत."

"व्रनाचं नाय इचारलं. बघितलंत का इचारलं."

उद्धट मुलगी. तिला तसे सांगितले. ती गेली, मग नोंदींचे कागद काढून बसले आणि तीनही पिल्लांच्या तारखा वाचल्या. 'मृत आढळले.' 'मृत आढळले.' 'मृत आढळले.' माझेच अक्षर.

उद्यापासून वडासमोर बसणार. कुत्रा गेला आहे, तेव्हा काही घडणार नाही, आणि न घडणे हाच पुरावा होईल.

ता. २० फेब्रुवारी

आधी नोंदी पुऱ्या केल्या, मग ही वही उघडली.

भर दुपार. टोळी वडाच्या खालच्या फांद्यांवर पेंगत होती. ज्या मादीच्या शेपटीचे टोक तुटलेले आहे तिचे पिल्लू दुसऱ्या मादीकडे खेळायला होते. या माद्या एकमेकींची पिल्ले घेतात. फाटका कान वरच्या फांदीवर अर्धा तास त्या पिल्लाकडेच बघत होता. मला वाटले, कौतुकाने. मग तो सरळ खाली आला. माद्या किंचाळत अंगावर गेल्या. एका म्हातारीने त्याचा कान धरला. त्याने झटकून टाकले, पिल्लू तोंडात धरले, आणि चावला. एकदा नाही. मी धावत गेले, छत्री फेकली, ती त्याच्या पाठीत बसली. तो पिल्लू टाकून कळसावर जाऊन बसला आणि तिथून हुप्प हुप्प करत राहिला. पिल्लू मेले होते; आई ते उचलून रानात घेऊन गेली.

कुत्रा नव्हता. माणूस नव्हता. मी होते आणि मी पाहिले.

सगळे आहे तसे नोंदवले, चार पाने झाली. वानराने आपल्याच जातीची पिल्ले अशी मारावीत हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. तो का मारतो ते मला कळत नाही. पिसाळलेला म्हणावा तर खातो, पितो, माद्यांकडून अंगातल्या उवा वेचून घेतो. डॉक्टरांना आजच्या टपालाने पत्र टाकले.

महिपतला मी खोटे पाडले. हे उद्या पारावर सांगायचे.

ता. २१ फेब्रुवारी

सांगितले. जे झाले ते क्रमाने लिहिते.

मी म्हटले, "महिपतचा दोष नाही. पिल्ले नवा हुप्प्या मारतो. काल मी डोळ्यांनी पाहिले."

कुशाबा हसला नाही, चिडला. "बाई, हनुमंताचं वांदर हाय त्ये. पोरं मारायला काय मानूस हाय?"

"मी पाहिले, पाटील."

"आदी कुत्रा बघितला, आता वांदर बघितलं."

"कुत्रा पाहिला नव्हता," मी म्हटले. हे वाक्य मला उच्चारावे लागले.

मग हैबती बोलला. हळू बोलतो, पण एकदा लागला की सोडत नाही. "ऱ्हाऊ दे पाटील, बाईंनी बघितलं असंल. मी यवढंच इचारतो. सुभेदार हुता तवा कवा येक तरी पोर मेलं? त्यो अस्ता तर ह्यो फाटका कान हिकडं फिरकला नस्ता. मंग सुभेदार कुठं हाय, बाई?"

"मुंबईला."

"जिता?"

पारावर महिपतही येऊन उभा राहिला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटले, "नाही. डॉक्टरांनी नदीवर गोळी घातली. जागा मी दाखवली."

कोणीही दचकले नाही. एकही माणूस नाही. त्याने मला जास्त संताप आला.

"तुम्हाला ठाऊक होते?"

"बार आयकला हुता," हैबती म्हणाला. "त्याचा देह नाय घावला. मंग नारळच पुरला कातळावर त्याच्या नावानं. धा दिस पाळलं. डोई भादरली." त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमी उवांचं त्याल दिलंत."

मागे कोणीतरी खोकले. तो खोकला नव्हता, हसू होते.

"मग दोन महिने तोंड शिवून का बसलात? मला विचारायला काय झाले होते?"

"खोताच्या भैनीला कोन इचारनार?" कुशाबा म्हणाला. "तुमी सोता सांगाल, म्हनून थांबलो."

महिपतकडे वळले. "आणि तू? त्या दिवशी बोलता बोलता थांबलास."

"पेटी मी वाहिली, बाई. बैल वाटभर बुजत हुते. पुस्तकाला बैल बुजत न्हाईत."

"मग माझ्या तोंडावर सांगायचे होतेस!"

"शकूला तुमी वाचाय शिकवलं." त्याने खांद्यावरचे फडके झटकले. "आन जमीन तुमची हाय."



गावकीचे म्हणणे आता असे: कुत्र्याचा आळ गेला, पण पेटी वाहिली म्हणून सुभेदाराचे सुतक महिपतला आहे. नारळ पुरला तो नाइलाज होता. हाडे आली, नीट मूठमाती मिळाली, तरच सुतक फिटेल आणि पालखी त्याच्या दारात थांबेल. पालखी पाडव्यापर्यंत देवळाबाहेर असते. त्यानंतर कुडपणचे लोक वाट बघणार नाहीत.

"गोळी मी घालायला लावली आणि सुतक त्याला?" मी विचारले.

हैबती म्हणाला, "तुमाला बी हाय. तुमी पाळलं न्हाईत, यवढंच."

ता. २ मार्च

डॉ. कोठाऱ्यांचे उत्तर. एखादा नर बिथरतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. एकटीने उन्हात इतका वेळ बसल्यावर नजरेचा भरवसा धरू नये, विशेषतः आपल्या वयात. नोंदींचा बाकी भाग उत्तम आहे, लवकर पाठवावा, एप्रिलात त्यांचे व्याख्यान आहे.

आपल्या वयात! मला, बालविधवा बहिणीला, भावाने कॉलेजात घातले तेव्हा हा मनुष्य पाटीवर रेघोट्या ओढत असेल.

उद्या निघते. पोलादपूरपर्यंत गाडी, पुढे महाड, दासगावहून लाँच, मग आगबोट. गाडी महिपतचीच, दुसऱ्या कोणाची घेणार नाही. त्यानेही नाही म्हटले नाही. वाटेत एक शब्दही बोलणार नाही याची खात्री आहे.

ता. ७ मार्च, मुंबई

सुभेदार काचेच्या कपाटात उभा आहे. हाडे तारेने जोडलेली, एक हात लाकडी फांदीवर. फांदीवर असा बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. खाली पट्टीवर माझे नाव, देणगी म्हणून.

"परत न्यायला आले आहे," मी म्हटले.

डॉक्टर गोड हसले. "बाई, एवढे काम झालेला सांगाडा गावकऱ्यांना पुरायला द्यायचा?"

"देणगी माझी होती. गाव माझे आहे."

"आपण शास्त्राच्या माणूस. आपण असे बोलावे?"

"शास्त्राच्या माणसाने माझी चार पाने वाचून उन्हाला दोष द्यावा?"

मग ते मुद्द्यावर आले. असा नर त्यांना आणखी मिळेल, पण दोन वर्षांच्या नोंदी मिळणार नाहीत. काय खातात, किती झोपतात, कोण कोणाचे पिल्लू घेते, सगळे त्यांच्या नावाने वाचायला द्यायचे, तर सांगाडा न्यावा. मी ट्रंक उघडली आणि कागद टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही. मला वाटते, त्यांना तो चढलेला सोपा गेला असता.

त्यांनी चाळले आणि वीस फेब्रुवारीची चार पाने बाजूला काढून मला परत दिली. "ही आपण ठेवा. ही वाचली तर लोक हसतील."

उजवा हात मिळाला नाही. तो स्नायूंसाठी आधीच उकलला आहे, बरणीत आहे, कापलेला हात परत जोडता येत नाही. बराच वाद घातला. शेवटी आगबोटीची वेळ झाली.

कवटीला गुंडाळायला काही नव्हते. परत दिलेली पाने होती, तीच वापरली.

ता. १३ मार्च, कापडे

सकाळी कातळावर हैबती गुरव याच्या हाती दिले ते असे: सुभेदाराची कवटी, खालचा जबडा वेगळा. पाठीचा कणा, तार काढून. बरगड्या एका फडक्यात. दोन्ही पाय. डावा हात. शेपटीचे मणके सुतळीत ओवून.

कुशाबा पाटील हजर होता, महिपत होता, गावातले बरेच होते. ठमाबाईने तांब्याभर पाणी आणले. नारळ काढून त्याच खड्ड्यात हाडे ठेवायचे ठरले.

हैबतीने विचारले, "पुरं हाय?"

"नाही," मी म्हटले. "उजवा हात नाही. मुंबईस राहिला. आणता आला नाही."

तो खड्ड्याशी वाकला. "ऱ्हाऊ दे. सांगितलंत." मग कवटी हातात घेऊन, "ह्यो कागद काडू का?"

"असू दे. कोणाला नको आहे तो."

पालखी उद्या सकाळी महिपतच्या अंगणात जाईल, असे कुशाबाने सगळ्यांसमोर सांगितले. महिपतने मान हलवली. माझ्याकडे पाहिले नाही. फाटका कान पलीकडच्या आंब्यावर होता, तुटक्या शेपटीची मादी त्याच्याशेजारी.

माती लोटण्याआधी मी तिन्ही बरण्या ट्रंकेतून काढल्या. स्पिरिट बाजूला ओतले. हैबती हात पुढे करत होता, पण त्याच्याआधी महिपत खाली बसला आणि खांद्यावरचे फडके त्याने दोन्ही हातांवर पसरले.

पिल्ले तीन, महिपतच्या हाती दिली.